मेसमधलं हो, हॉलमधलं नाही

नीटची तयारी करायला लातूरला येऊन वर्ष झालं, तोवर मला पक्कं कळलं होतं की आपल्याला डॉक्टर व्हायचं नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वडील निलंग्याला एसटीत कंडक्टर. त्यांना सांगायची तर छातीच होत नव्हती.

त्याच सुमारास मानसशास्त्राच्या एक मॅडम आमच्या मेसमध्ये प्रश्नावली घेऊन आल्या. सवयींबद्दल आहे, म्हणाल्या. गाणं ऐकताना भान हरपतं का, पुस्तकातली माणसं समोर दिसतात का, असलं काहीबाही. आम्ही पडलो एमसीक्यूवाल्या पोरी. आमचा पहिला प्रश्न, "निगेटिव्ह मार्किंग आहे का?" नाही म्हटल्यावर मी वरणभात खाता खाता बिनधास्त हो, हो करत सुटले.

पुढच्या पालकसभेला त्याच मॅडम क्लासच्या हॉलमध्ये. आज संमोहनाचा प्रयोग, ज्यांना वाटेल त्यांनीच बसा, म्हणाल्या. मी मान खाली घातली, तर मागून वडिलांचा आवाज आला, "माझी पोरगी बसंल!"

आधी प्रश्नावली. प्रश्न तेच! ज्यांचं भान हरपतं त्यांच्यावर हे लवकर चढणार, एवढं न कळायला मी काय दुधखुळी होते? आणि त्या गुंगीत तोंडून खरं निसटलं तर? मी सगळीकडे नाही करून टाकलं.

मॅडमनी माझे दोन्ही कागद शेजारी धरले आणि हसल्या. "मेसमध्ये एक मुलगी, इथं दुसरीच. पुढं काय होणार हे कळलं की बऱ्याच जणांचं असं होतं." मला हसू येईना. यातली खरी मी कोणती, हे मलाही सांगता आलं नसतं.

डोळे मिटायला लावले. हात जड होतोय, त्या म्हणाल्या, आणि मेला झालाच. उचलता येईना. माझे सगळे नाही फुकट गेले. मी घाबरून दात घट्ट आवळले. आता विचारतील, आता विचारतील. पण कुणी काहीच विचारलं नाही.

मग चपलांचा आवाज जवळ आला. वडील दबक्या आवाजात बोलत होते.

"म्याडम, हिला डॉक्टर व्हायचं न्हाई. मला ठाऊक हाय, लई दिसापासून. ती काय बोलंना. आता अशी हाय तवर डॉक्टर व्हायचंच, तेवढं मनात घालून टाका की."

"काका, असं करत नसतात."

"एकडाव बघा तरी."

मॅडमची खुर्ची माझ्याकडे सरकल्याचा आवाज आला. मी डोळे उघडायला गेले. उघडेनात.