दह्यावरचा त्रिकोण

शी! तो वाढदिवस आठवला की अजून माझ्या तोंडाला कडू चव येते. मी लाझारोस, चर्चच्या उतारावर माझं फळांचं दुकान. त्या दिवसानंतर आठवडाभर मला डाळिंबाकडे बघवत नव्हतं. डाळिंबानं काय घोडं मारलंय म्हणा! घाण केली ती माणसांनी, आणि थोडी मीही.

माझ्या दुकानावरच्या खोलीत स्तामातिया राहते. साठीला टेकलेली, एकटी, बोलायला कमी. ती कोलिवा करते. आमच्याकडे कुणी गेलं की चाळिसाव्या दिवशी आणि मग वर्षाला चर्चमध्ये कोलिवाची परात जाते. उकडलेले गहू, अक्रोड, बेदाणे, डाळिंबाचे दाणे. वर पिठीसाखरेचा पांढरा थर, कागदानं दाबून दाबून गुळगुळीत केलेला. कडेनं सोललेले बदाम आणि खायचे चांदीचे मणी, मधोमध गेलेल्या माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर. पस्तीस वर्षं ती हेच करत आलीय. तिच्यासारखं अक्षर मांडणारं पंचक्रोशीत कुणी नाही.

आणि खातात कसे, ते बघा कधी चर्चच्या अंगणात! एक पुडी हातात, एक खिशात, एक घरी राहिलेल्या बहिणीसाठी. बोटं चाटतात मेले. पण तीच स्तामातिया रस्त्यात दिसली की पोटुशी बाई पलीकडच्या कडेला जाते, कडेवर पोर असेल तर आई नजर लागू नये म्हणून 'थू थू थू' करते. लग्नाला तिला बोलावतात, पण "तू काही आणू नकोस हं, उगाच त्रास." एका नाताळात तिनं गल्लीत घरोघर संत्र्याची बिस्किटं वाटली. कचऱ्याचा डबा माझ्या दुकानासमोर आहे. दुपारपर्यंत सगळी बिस्किटं त्यात. मी झाकण लावलं आणि तिला काही बोललो नाही.

पण तिला कळलं होतं. एकदा डाळिंबं निवडता निवडता म्हणाली, "लाझारोस, माझ्या हातचं लोक खातात ते कुणीतरी मेलं म्हणून. कुणी जगतंय म्हणून एकदा तरी खाल्लं असतं रे." मी म्हणालो, "तुझं आपलं काहीतरीच!"

तर नोव्हेंबरात फोटिनी दुकानात आली. ही दातांच्या दवाखान्यात कामाला. तिची मुलगी देस्पिना पाच वर्षांची होणार होती. केक नको, चॉकलेट नको, साखरेचा कण नको. फळांचीच गंमत करायची, मुलांनी बघताक्षणी उड्या मारल्या पाहिजेत.

"करून देणारं कोण आहे का?" तिनं विचारलं.

मी वर बोट केलं.

"ती? मेलेल्यांची?"

"तिच्याइतका नाजूक हात गावात दुसरा दाखव, मी दुकान बंद करतो."

फोटिनीनं नाक मुरडलं, फोनमध्ये दोन-चार चित्रं बघितली, स्वतःला जमायचं नाही हे तिला कळलं. "बरं. पण सासूबाईंना सांगू नका हं कुणी केलं ते. आणि केक नाही, तर कशावर तरी पोरीचं नाव येऊ दे."

सासूबाई म्हणजे थोरली देस्पिना. आमच्यात नातीला आजीचंच नाव लागतं, म्हणून घरात दोन देस्पिना. एक पाच वर्षांची, एक पंच्याहत्तरीची.

स्तामातियाला निरोप सांगितला तेव्हा ती हात पुसतच राहिली. मग एकदम म्हणाली, "मुलांना किवी आवडतं का रे? आंबट नाही ना लागत त्यांना?" त्या चार दिवसांत तिनं माझा जीव खाल्ला. केळी वाकडीच हवीत, द्राक्षं बियांशिवायची, संत्री सालीला सैल. किवीच्या कापाला द्राक्षाचे पाय लावून कासवं केली. केळ्याचं देठ चिरून त्याचं तोंड, तोंडात एक द्राक्ष, झाला डॉल्फिन. सफरचंदाच्या होड्या, त्यांना संत्र्याच्या सालीची शिडं, काळी पडू नयेत म्हणून लिंबाचा हात फिरवलेला. आणि फळं बुडवून खायला एक मोठी परात भरून घट्ट दही. ती कामात गुणगुणत होती. पस्तीस वर्षांत जिन्यावरून मी तिचं गुणगुणणं कधी ऐकलं नव्हतं.

वाढदिवसाच्या दुपारी परात मीच उचलली. दही कागदानं दाबून आरशासारखं सपाट केलेलं. मधोमध डाळिंबाच्या दाण्यांचा लालभडक त्रिकोण, म्हणजे आमच्या लिपीतला 'द', देस्पिनाचं पहिलं अक्षर. कडेनं सोललेले बदाम, आणि बदामा-बदामांत चांदीचे मणी.

"कसं दिसतंय?" तिनं विचारलं.

"झकास!" मी म्हणालो.

डोंबलाचं झकास! पस्तीस वर्षं ज्या परातींसाठी मी डाळिंबं पुरवली, त्यातलीच ही एक, हे तिच्या हाताला कळलं नाही आणि माझ्या डोळ्यालाही नाही. रोजचंच ते, खटकणार कसं?

अंगणात वीस पोरं. डॉल्फिन बघून त्यांनी जो आरडाओरडा केला! एकानं कासवाचं डोकं खाल्लं, दुसरा रडायला लागला, मग त्यानं पाय खाल्ले. धाकटी देस्पिना परातीपाशी येऊन नाचायला लागली, "माझं अक्षर! माझं अक्षर!" स्तामातिया फाटकाशी उभी होती. तिचा चेहरा मी बघितला. तेवढं एक चांगलं बघितलं त्या दिवशी.

मग थोरली देस्पिना काठी टेकत बाहेर आली. नातीनं तिला हाताला धरून परातीपर्यंत ओढत आणलं. "आजी बघ, तुझंपण अक्षर आहे!"

म्हातारीनं बघितलं. पांढरी परात, चांदीचे मणी, बदाम, मध्ये स्वतःचं अक्षर. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली, एकदा, दोनदा, आणि मग जी किंचाळली!

"माझं कोलिवा मांडलंत? मी जिवंत असताना माझं कोलिवा? कुणी केलं हे?"

फोटिनी माझ्याकडे बघायला लागली, मी हातातल्या फळांच्या रिकाम्या पेटीकडे. हो, मी. एवढी जीभ चालवणारा मी गप्प बसलो. स्वतःचीच शिसारी येते मला.

"मी केलं," फाटकातून आवाज आला. "अक्षर मुलीचं आहे, देस्पिनाबाई."

ज्या आया आत्तापर्यंत फोटो काढत होत्या, त्यांनी आपापल्या पोरांना धरलं आणि तोंडात बोटं घालून चावलेली फळं बाहेर काढली. लाळेनं बरबटलेलं केळं अंगणात टाकत होत्या, वर तीनदा थुंकत होत्या. फोटिनीनं काळी पिशवी आणली. दही गेलं, होड्या गेल्या, न शिवलेले डॉल्फिनसुद्धा गेले. त्यांनी काय कुणाचं वाईट केलं होतं? फोटिनीचा नवरा धावत जाऊन कोपऱ्यावरून चॉकलेट भरलेली पाकिटातली क्रोसाँ घेऊन आला, आणि ती दातवाली बाई आपल्या हातानं ती पोरांना वाटत होती! धाकटी देस्पिना मात्र पिशवीला लोंबकळून रडत होती, "माझं अक्षर टाकू नका." तिलाही एक क्रोसाँ कोंबलं.

आणि म्हातारी पोरीसाठी घाबरली होती असं समजू नका. नातीकडे तिनं ढुंकून बघितलं नाही. तिला फक्त स्वतःचं मरण दिसलं. त्यापायी वीस लेकरांच्या तोंडचं काढलं.

स्तामातिया घरी गेली. पंधरा दिवस तिनं चूल पेटवली नाही. दोन घरांचे चाळिसाव्या दिवसाचे निरोप आले, तिनं दार उघडलं नाही. लोक मलाच विचारायला लागले, "आमचं कसं होणार आता?" मी म्हणालो, "काळ्या पिशवीत बघा." एवढं धाडस मला पंधरा दिवस उशिरा सुचलं.

सोळाव्या दिवशी सकाळी थोरली देस्पिना दुकानात. एकटी, डोक्यावर रुमाल घट्ट बांधलेला. जिना चढायला तिला माझा हात हवा होता. मी दिला, आणि वर जाऊन दारातच ठाण मांडलं. मला ऐकायचंच होतं.

स्तामातियानं तिला बसही म्हटलं नाही. म्हातारी आपणच बसली, धाप लागलेली.

"झोप नाही गं मला. डोळे मिटले की तो त्रिकोण दिसतो," ती म्हणाली. "मला म्हणाले, तू काम सोडलंस. मग माझं कोण करणार? माझ्या सुनेला तू बघितलंस ना? ती गहूसुद्धा बिनसाखरेचे करील! तू शब्द दे मला. अगदी त्या दिवशीसारखं कर. डाळिंबाचं अक्षर, बदाम कडेनं. इतकं सुंदर मी कुणाचंच बघितलं नव्हतं, माझ्या नवऱ्याचंसुद्धा नाही."

सुंदर होतं म्हणे! लेकरांच्या तोंडातून ओरबाडलं, पिशवीत कोंबलं, आणि आता तेच स्वतःसाठी राखून ठेवायला आलीय. मी तोंड उघडणार तेवढ्यात स्तामातिया उठली. टोपलीतून एक नासपती घेतली, सोलली, उभी चिरली. बेदाण्याचे दोन डोळे, बदामाच्या कापांचे कान, देठाचं शेपूट. बशीत उंदीर बसवून तिनं म्हातारीपुढे सरकवला.

"खा."

"आत्ता? मला भूक नाहीये."

"मग जा."

म्हातारीनं बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हात छातीकडे गेला, क्रूसाची खूण करायची होती तिला. स्तामातिया तिच्या बोटांवर नजर ठेवून होती. हात तिथंच थांबला आणि खाली आला. आधी एक कान तोंडात गेला, मग दुसरा, मग नासपतीचा तुकडा. कवळीनं तिला धड चावता येईना. रस हनुवटीवरून रुमालाच्या गाठीत गळत होता, नाकातून पाणी येत होतं. बघवत नव्हतं, पण मी शेवटपर्यंत बघितलं. स्तामातिया हलली नाही. शेवटचा घास गिळल्याचं तिला दिसलं, मगच तिनं बशी उचलली.

"आता खुशाल मर गं," ती म्हणाली. "मांडीन तुझं अक्षर."