बावनेकाकांचा तळहात

बावनेकाका सकाळी कारखान्यात आले की चहाच्या आधी हवेची तोटी उघडायचे. कॉम्प्रेसरची हवा ज्या पाइपातून यायची, त्याच्या तळाशी ही तोटी होती. तिच्यासमोर ते उजवा तळहात धरायचे. तो कोरडा राहिला तरच होकार द्यायचे, "हव, आता पेटवा."

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, तिथल्या उरल्याच्या कारखान्यांची धूळ जुनीच होती, आणि मी तार नरम करायच्या भट्टीवर नुकतीच रुजू झालेली इंजिनिअर. भट्टी गॅसच्या बर्नरवर चालायची. तिच्यावर पहारा होता हवेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचा. तापमान वाढलं की तो हवेचा दाब उतरवायचा आणि गॅसची झडप आपोआप मिटायची. पण त्याच्या आतलं छिद्र सुईच्या नेढ्याएवढं. तिथे पाण्याचा थेंब अडकला की कारभार आटोपला.

"हा सर्दी झालेला पोट्टा हाय, मॅडम," काका म्हणायचे. "नाक चोंदलं का कोणाचं आयकत नाही." त्यांची ती हात धरायची तऱ्हा मला अडाणी वाटायची. मी तेव्हा फार शहाणी होते ना!

पावसाळ्यातल्या एका सकाळी माल अडला होता, मॅनेजर डोक्यावर बसले होते आणि काका शेडच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर उघडून बसले होते. मी बर्नर पेटवून टाकला. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काहून घाई केली? हात लावून पायला का?"

"हो, कोरडी आहे हवा," मी म्हणाले. मी तोटीजवळ गेलेही नव्हते.

तासाभरात तापमान चढत गेलं आणि झडप मिटेना. सगळे बाहेर धावले, काका आत गेले. बर्नरजवळचा तापलेला कॉक त्यांनी नुसत्या हातानं फिरवून गॅस बंद केला. आम्ही वाचलो. काकांचा उजवा तळहात भाजला तो भाजलाच. पुढे जखम भरली, पण त्या कातडीला ओलं-कोरडं कळेनासं झालं.

मॅनेजरनं विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरसातीचं पानी होतं, साहेब. येते लाइनमंदी." माझं नाव नाही. परत आल्यावर ते तोटीसमोर डावा हात धरू लागले. मला ते पाहवत नसे. रोज माफी मागायचं ठरवायची आणि रोज तोंड शिवून घरी यायची.

वर्षं गेली. थर्मोस्टॅट निघाले, इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. काका निवृत्त होऊन बूढापाऱ्यातल्या घरी बसले, मी नव्या रायपूरच्या ऑफिसात गेले. काका वारले त्याच्या दोन दिवस आधी त्यांच्या मुलीनं मला हॉस्पिटलात बोलावून घेतलं. फुप्फुसं थकली होती. ऑक्सिजन पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत त्यांच्या नाकाशी येत होता.

"दीदी, पापा सुबह से यही बोल रहे हैं, लाइन में पानी है," मुलगी म्हणाली.

काकांनी डोळे उघडले. "मॅडम, हवा ओली हाय. हात लावून पाहा ना."

मी नळी जराशी सरकवली आणि तिच्यासमोर तळहात धरला. आयुष्यात पहिल्यांदा.

"ओली आहे, काका. नाक कोरडं पडू नये म्हणून इथे मुद्दाम ओली ठेवतात." पुढे मला राहवलं नाही. "आणि काका, त्या दिवशी मी..."

"मले मालूम होतं, बाई." भाजल्याचे व्रण असलेला उजवा हात त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "तोटी मीच आदल्या दिवशी कसून बंद केली होती. गॅस बंद केल्यावर पायली, तं जशीच्या तशी होती."

मी रडत होते. ते दम घेत घेत म्हणाले, "आज पायलं ना हात लावून? हव. मग चालू द्या."