आप्पांना मी बोटीत काय बोललो?

मी सिल्वासात एका कंपनीत मेंटेनन्स फिटर आहे. मशीन बंद पडली की कारण असतंच, सापडत नसेल तर आपण नीट बघत नाही - हे अठरा वर्षं सगळ्यांना ऐकवत आलोय. भूत, करणी, बाहेरचं... असलं कुणी बोलायला लागलं की मी उठून जायचो. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

आई गेली तेव्हा मी शटडाऊनच्या, म्हणजे सगळी मशीनं थांबवून दुरुस्ती करायच्या, ड्युटीवर होतो. निरोप दुपारीच आला होता, पण म्हटलं काम उरकून निघू. धुळ्याला घरी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून आप्पा - माझे वडील - माझ्याशी सरळ बोलत नव्हते. सिल्वासात टोकरखाड्याला आमच्याकडे राहायला आले तरी माझ्यासमोर बसून माझ्या बायकोला सांगायचे, "वैशाली, त्याले सांग, पंखा कमी कर." सहा वर्षं हे असंच!

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी ठरवलं, आज माफी मागायचीच. घरात ते उठून जातात, बोटीतून कुठे जातील? दुधनीच्या तलावावर जाऊन दिवसभरासाठी एक शिकारा घेतला. मागे छोटं इंजिन, जोडीला दोन वल्ही. वैशाली पुढे बसली, मी आणि आप्पा मध्ये, नावाडी मागे इंजिनाशी. सकाळचे साडेदहा, स्वच्छ ऊन, बेताचा वारा.

दहा मिनिटांत बोट अडली. इंजिन चालू, मागे पाणी उसळतंय, पण उजवीकडे पाण्यातून वर आलेलं एक वाळकं झाड होतं, ते काही मागे पडेना!

"अरे भाई, बोट पुढे जात नाहीये!"

"चल तो रही है, साहेब," नावाडी म्हणाला.

डोंबल चालतेय! मी वाकून इंजिनाचा पंखा बघितला. ठीक होता. वैशालीला हाक मारली, तिने वळूनही पाहिलं नाही. आप्पा माझ्याकडेच बघत होते, काहीतरी बोलतही होते, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना. म्हटलं, आधी हे बोटीचं बघू, मग बोलू. पुन्हा पंखा, पुन्हा झाड... आणि बोट एकदम धक्क्याला टेकली. घड्याळात पाच वाजले होते.

जेवणाचा डबा रिकामा होता. माझ्या दोन्ही तळहातांवर वल्ह्याचे फोड होते. उतरताना आप्पांनी माझा खांदा धरला.

"बरं झालं बोलला रे भाऊ. आता मनात काही नाही."

सरळ मला! सहा वर्षांनी!

रात्री वैशालीला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, "असं काय करता? बेटावर जेवलो की. मग तुम्ही दोघं वल्ही मारत बोलत बसलात. दोघंही रडत होतात, म्हणून मी मुद्दाम पुढे तोंड करून बसले." पुढच्या रविवारी नावाड्याला गाठलं, तर तो म्हणतो, "बाप-बेटे की बात, मैं क्यों सुनूँ?" डॉक्टरांनी डोकं तपासलं, सगळं नॉर्मल. जवळच्या अथाल गावचा एक सहकारी म्हणाला, चकवा लागला असेल. अरे, चकव्यात माणूस भलतीकडे जातो, मी तर जागचा हललोच नव्हतो!

आप्पांना विचारायची सोय नव्हती. मला आठवत नाही म्हटलं, तर त्या माफीला काय अर्थ उरला असता?

गेल्या महिन्यात आप्पांनी अंथरूण धरलं. एका दुपारी माझा हात धरून म्हणाले, "भाऊ, तलावात बोलला होता ना, ते एकदा परत म्हण."

जे मनात होतं ते बोललो, "आप्पा, माझं चुकलं. निरोप आला तेव्हाच मी निघायला हवं होतं."

त्यांनी माझा हात सोडला.

"हे नव्हतं रे. तू दुसरं काही बोलला होता."

काय घडलं, कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही, आणि खरं सांगू, आता त्याच्याशी मला देणंघेणंही नाही. आप्पा रोज वाट बघतात. मी रोज काहीतरी वेगळं बोलून बघतो. ते मान हलवतात, नाही म्हणून.