पार्बताबाईची शपथ

मोर्शीच्या बाजारात पार्बताबाईचं अन् मायं दुकान बाजूबाजूले लागते. तिच्या मेथीच्या जुड्या, माये वांगे-टमाटर. नवरा शेषराव वारला तवापासून घरात ती अन् तिची पोट्टी गीतांजली, दोघीच. अन् पोट्टी तरी कशी! सकाळी मळ्यात मेथी उपटे, जुड्या बांधे, मंग एसटीनं अमरावतीले अभ्यासिकेत. सरकारी नोकरी, बस्स, दुसरी गोष्टच नाई. सोयरिकी येऊन येऊन थकल्या, पण भरती काही तिले पावली नाई.

मागच्या परीक्षेत थोडक्यात हुकली. घरी येऊन ढसाढसा रडली. म्हणे, दोन उत्तरं बरोबर होती, मीच मंग बदलवली. बदलवून बरोबर झाली ती किती, हे ना तिनं पाह्यलं, ना आमी इचारलं. क्लासचे सरही म्हणत, पह्यलं उत्तर तेच खरं, हात लावू नका. झालं. पार्बताच्या मनानं तेच घेतलं.

यंदा परीक्षा अकोल्याले होती, कम्प्युटरवर. वयाची अट संपत आली होती, म्हणजे ही शेवटचीच. निघतावक्ती पार्बतानं पोरीचा हात ओढून आपल्या डोक्शावर ठेवला अन् वदवून घेतलं, का एकदा देल्लं उत्तर बदलवणार नाई. मले तवाच राग आला होता. अवो, शिकेल पोट्टी आहे, तिचं तिले करू दे ना! पण मायलेकीच्या मंधात कोण पडते.

निकाल लागला त्या दिवशी गीतांजली सरळ बाजारात आली अन् मायच्या बाजूले बारदान्यावर बसली. एका प्रश्नानं राह्यली होती. प्रश्न काय, त संत्र्याच्या आंबिया बहाराले फुलं कवा येते. आता मोर्शीच्या लेकराले हे इचारा लागते काय? हिवाळा सरता सरता अख्खी शिवारं त्याच वासानं भरते. पण घाईघाईत तिनं पावसाळ्यावर बोट दाबलं. लगेच ध्यानात आलं. टाइमही होता. माउस त्या प्रश्नावर नेला, अन् तिनं तसाच हात काढून घेतला.

पार्बतानं हातातली जुडी खाली ठेवून इचारलं.

"मंग काहून नाई बदलवलं वं?"

"तुह्या डोक्शावर हात ठेवला होता ना, माय. तू एकटीच आहे मले."

गिऱ्हाईक मेथीचा भाव इचारत होतं. पार्बताले ऐकूच नाई आलं, मीच सांगतला. मंग ती पोरीकडे न पाहता बोलली.

"मी आज ना उद्या मरणारच होती. तू बदलवाचं होतं."