शिपायाचं घराणं

केशोरीहून मी निघाले त्या सकाळी जीप दारात उभी होती, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता, आणि माय आत माझी बांधलेली बॅग पुन्हा उघडून लाखोळीच्या डाळीची पुरचुंडी कुठं बसते ते बघत होती. माझा नवरा हेमराज आधीच ऑस्ट्रेलियाला गेला होता, गव्हाच्या कोठारावर कामाला. मी गोंदियाला नर्सिंग केलेलं. माझीही कागदपत्रं झाली होती. अर्जुनी स्टेशनपर्यंत जीप, मग गोंदिया, मग मुंबई, मग विमान. दादा सामान चढवत होता. बाबूजी ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले. मी पाया पडले तेव्हा म्हणाले, "तिकडं गोरे लोक इचारतीन, कोनाची पोरगी आहेस म्हनून. सांगजो, शिपायाच्या घराण्यातली आहो."

कोणी विचारलं नाही. विमानतळावर डाळ काढून घेतली आणि डब्यात टाकली. एजन्सीनं विचारलं, रविवारी शिफ्ट कराल का, गाडी चालवता येते का. माझ्या घराण्याशी त्या देशाला काही घेणंदेणं नव्हतं.

तुमच्यापैकी जे केशोरीत, अर्जुनीत, गोंदियात राहिले आणि जे माझ्यासारखे कुठंकुठं जाऊन पडले, त्या दोघांनाही हे सांगायचं आहे. राहिलेल्यांना राग येईल. येऊ दे.

आमचं इथलं गाव लहान. चहूकडे गव्हाची शेतं, कापणीनंतर महिनोन् महिने पिवळी पडलेली. धानाच्या बांधीत असतं तसं पाणी नाही, बेडूक नाही, चिखलाचा वास नाही. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, जखमा बांधायच्या, हे माझं काम. डॉरथी माझ्या रोस्टरवर पहिल्या महिन्यात आली. नव्वदीला टेकलेली, एकटी राहणारी बाई. पहिल्या थंडीत मी कुडकुडताना पाहून तिनं आपला लोकरी कोट माझ्या खांद्यावर टाकला. गाडीही तिनंच शिकवली, शेजारच्या सीटवर बसून, घाबरून एकदाही न ओरडता. माझ्या मनात ती आजीच झाली होती.

तिला एकच नाद होता. घराण्याचा इतिहास. जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नसे. कोण कुठल्या जहाजानं आलं, कोण कुठल्या पलटणीत होता, याच्या कागदांनी ते भरलेलं. त्या गावात हा नाद बऱ्याच जणांना आहे. शनिवारी वाचनालयात म्हातारे-म्हाताऱ्या आपापला पहिला वसाहतवाला, आपापला शिपाई शोधत बसतात. शिपाई सापडला की केक कापतात.

एका सकाळी तिनं मला दारातच पकडलं. तिच्या पणजोबाचा बाप, ज्याला ते सगळे नुसतं 'सार्जंट' म्हणतात, तो इकडे येण्याआधी हिंदुस्थानात कंपनीच्या फौजेत होता. नागपूरच्या पुढे, एका नदीकाठी. तिला ते नाव उच्चारता येईना. "वायन... वायनगुंगा?"

"वैनगंगा!" मी ओरडलेच.

आम्ही नकाशा काढला. मी तिला कामठा दाखवलं, सालेकसा दाखवलं, खाली केशोरी. जंगलातल्या मातीच्या गढ्या, बंडखोर, पावसात अडकलेल्या तोफा असं काय काय तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते. मग सार्जंट बायकोमुलं घेऊन इकडे आला आणि त्याला जमीन मिळाली. "तेव्हा इथं काहीच नव्हतं," ती म्हणाली. "नुसती झुडपं." त्या दिवशी मी खरंच खूश होते. त्या देशात वैनगंगेचं नाव काढणारं दुसरं कोणी मला भेटलं नव्हतं. मी बाबूजींना फोन केला, तेही फुलले. "मंग तं तो आपल्या गावाजोळूनच गेला असन!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या घराण्याचं संमेलन झालं. डॉरथीची मुलगी हेलन हिनं मला आवर्जून बोलावलं. साडी नेसून ये म्हणाली. बागेत तंबू, प्रत्येक शाखेला वेगळ्या रंगाची रिबीन, मधोमध सार्जंटचं माणसाएवढं चित्र. मला डॉरथीशेजारी मुख्य टेबलावर बसवलं. प्रत्येकाच्या ताटाशेजारी नॅपकिन गुंडाळलेला, आणि त्यावर चांदीचं कडं. "ही खास तुझ्यासाठी काढली आहेत," डॉरथी कानाशी म्हणाली. "तुझ्या देशाची आहेत."

मी ते कडं हातात घेतलं आणि उलटून पाहिलं. तो वाळा होता. तान्ह्या मुलाच्या पायातला. घुंगरू तोडून टाकले होते. जिथं ते होते तिथं बारीक टवके. वाळा पायातून काढायचा तर तेल लावून हळूच फाकवतात, मूल रडलं तर थांबतात. हा फाकवलेला नव्हता. कापलेला होता. कापलेली कड आत वळलेली होती, पायाच्या बाजूला. हे काम घाईत का करावं लागलं असेल, याचा विचार मी करणार नव्हते. तरी तो आलाच.

समोर डॉरथीचा भाचा बसला होता, लाल तोंडाचा, आनंदी माणूस. "सार्जंटनं बंडखोरांकडून जप्त केलेली," तो म्हणाला, आणि आपल्या नॅपकिनचं कडं बोटाच्या टोकावर फिरवून पुढे म्हणाला, "फार लहान बंडखोर असावेत!" टेबलभर हशा.

मी म्हटलं, "ही कडी नाहीत. लहान बाळाच्या पायात घालतात. मूल रांगत कुठं गेलं ते आईला ऐकू यावं म्हणून."

हशा थांबला. मला वाटलं, आता कळलं. मग पलीकडची एक बाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, किती गोड!" आणि हेलन फोन काढत म्हणाली, "हे पुन्हा एकदा सांगशील का, कॅमेऱ्याकडे बघून?"

माझ्या तोंडात उकडलेला बटाटा होता. मी तो नॅपकिनमध्ये थुंकले आणि उठून बाथरूममध्ये गेले. तिथल्या लव्हेंडरच्या साबणानं हात धूत राहिले. त्या साबणाचा वास आजही आला की मला मळमळतं.

पुढच्या शिफ्टला डॉरथी म्हणाली, "तुला वाईट वाटलं ना? काळच वेगळा होता, डिअर." तिनं दोन वाळे कागदात गुंडाळून माझ्यापुढे धरले. "तू घेऊन जा. तुझ्या लोकांना दे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. पण माझा हात पुढे होईना. कोणत्या लोकांना नेऊन देणार होते मी? त्या संध्याकाळी मी एजन्सीला फोन करून माझं नाव तिच्या घरावरून काढायला सांगितलं. कोट गावातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात नेऊन टाकला. तिच्या घराचा वास होता त्याला.

मग हेलननं संमेलनाचे फोटो टाकले. त्यात मी साडीत, हातात वाळा. खाली लिहिलं होतं: सार्जंट ज्यांच्याशी लढले त्यांची वंशज, आज आमच्याच टेबलावर. मी फोन हेमराजपुढे आपटला. त्यानं शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "पन तू त्याईची वंशज आहेस का? बाबूजी तं शिपाई म्हनतेत. कोनाचे शिपाई?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

धानाची कापणी चालू होती तेव्हा मी केशोरीला गेले. आमच्या घरीही कुळाच्या संमेलनाची तयारी सुरू होती. दादानं फ्लेक्स छापून आणला होता. त्यावर घोड्यावर बसलेला, झुबकेदार मिशांचा, तलवार उपसलेला माणूस, आमचा मूळपुरुष. मी दादाला विचारलं, हा कोणाचा शिपाई होता.

"कोनाचा म्हंजे? कंपनीचा," दादा अभिमानानं म्हणाला. "गोऱ्या साहेबासंगं बंड मोडाले आलता. त्याच्याबद्दलच तं हे जमीन भेटली."

"आनि त्याच्या आधी अठी कोन होतं?"

"कोनी नाही. जंगल होतं."

मी घरच्यांना वाळ्यांची गोष्ट सांगितली. सगळी. बाबूजींनी गोऱ्यांना कचकचीत शिवी दिली. माय दाराशी बसून तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"आन आपला धुन्याचा दगड कुठचा होय मंग?" ती म्हणाली.

आमच्या विहिरीपाशी एक लांब, सपाट दगड होता. पिढ्यान् पिढ्या त्यावर घरातली धुणी आपटली गेली. माझा शाळेचा फ्रॉकही त्यावरच घासला जायचा. माय सांगू लागली, सुपाकडे बघत.

"मी नवी नवरी होती, तवा टोल्यावरची मडावी बुढी यायची. बोले नाही काही. दगडाले हात लावे, हळद लावे, मोहाच्या दारूचे चार थेंब शिंपडे, जाये. म्या सासूले इचारलं. म्हने, थो त्याईच्या मेलेल्या मानसाच्या नावाचा दगड होय. अठी गोंडाईचं गाव होतं. दगड उभा होता, आपल्या लोकाईनं आडवा पाडला."

"मंग ते बुढी?"

"तुह्या बापानं हाकलली. धुनं खराब करते म्हने."

बाबूजी उसळले. "जुन्या गोष्टी कायले उकरून राहिली तू?"

मी मागे विहिरीपाशी गेले. दगडावर साबणाचा पांढरा थर होता, निळीचे डाग, कोणाच्या तरी दात घासल्याची थुंकी, आणि पुतण्याचं बनियन वाळत पडलेलं. तिकडे मी निदान साबणानं हात धुवू शकले होते. इथं घाण साबणाचीच होती, आणि आमच्या घरातला प्रत्येक कपडा त्यातून निघालेला. माझ्या अंगावरचा सुद्धा.

मी म्हटलं, हा दगड त्यांना परत द्यायचा. दादा हादरला. "संमेलन तोंडावर आहे, लोकं का म्हनतीन? आज दगड मांगतीन, उद्या बांधी मांगतीन." म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. बाबूजी म्हणाले, "या घरात राहाचं असन तं हे बोलाचं नाही."

"मी कुठं राहते या घरात," मी म्हटलं. ते मला लागेल म्हणून बोलले होते, लागलं त्यांनाच. ते उठून आतल्या खोलीत गेले.

मायनं सूप भिंतीला टेकवलं, चपला घातल्या आणि वाटेला लागली. मी तिच्या मागे. टोल्यावर, गोंडांच्या वस्तीत, मडावी बुढीचा नातू जयपाल दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवतो. तो अंगणात टायर पंक्चर काढत होता. माय उभ्याउभ्याच म्हणाली, "बापू, तुमचा दगड आमच्याजोळ आहे. घेऊन जा."

त्यानं मान वर केली. "माहीत आहे. आजी मरेपर्यंत सांगत होती."

"मंग मांगाले काऊन नाही आला?"

"कोनाले मांगू?" तो म्हणाला, आणि पुन्हा टायरवर वाकला.

दुसऱ्या सकाळी तो ट्रॉली आणि टोल्यावरची माणसं घेऊन आला. बाबूजींच्या खोलीचं दार बंद. दादा लांब उभा. सब्बल, म्हणजे पहार, घालून त्यांनी दगड उचकटला, एका अंगावर उभा केला, आणि त्याची खालची बाजू वर आली. मातीनं माखलेली, पण शाबूत. जयपालनं तळहातानं माती पुसली. सूर्य होता, चंद्र होता, त्यांच्याखाली हातात काहीतरी धरलेला एक माणूस. आम्ही त्याला तोंडघशी पाडून त्याच्या पाठीवर धुणं धुतलं होतं.

एक म्हातारा गोंडीत काहीतरी पुटपुटला. मला ती भाषा येत नाही. माझ्या घरात कोणालाच येत नाही. मायनं चहा ठेवला होता. कोणी घेतला नाही. जयपालनं आभार मानले नाहीत, शिवीही दिली नाही. ट्रॉलीत त्यांनी खाली धानाची तणस पसरली, वर दगड ठेवला आणि निघून गेले. विहिरीपाशी ओलसर चौकोन उरला, त्यात गांडुळं वळवळत होती.

मी परतेपर्यंत बाबूजी माझ्याशी बोलले नाहीत. संमेलन ठरल्याप्रमाणे झालं, फ्लेक्स कमानीवर चढला. दादानं फोटो पाठवले. मी अजून उघडलेले नाहीत.

डॉरथीचं घर एका फोननं सुटलं. केशोरी तशी सुटत नाही. इथं कोणी विचारलं, कुठली, तर केशोरी हेच नाव तोंडात येतं, आणि त्याबरोबर थोडी मळमळही येते. गेल्या आठवड्यात मी मायला फोन करून बाबूजींच्या गुडघ्याच्या औषधाची चौकशी केली. त्यांनी फोन घेतला नाही, पण बाजूला खोकले, म्हणजे ऐकत होते. जिथल्या माणसांची किळस येते आणि तरी त्यांच्या औषधाची काळजी लागते, त्या जागेला मी आता घर म्हणते. दुसरा अर्थ मला सापडलेला नाही.

परवा मायला विचारलं, आता धुणं कुठं धुतेस?

"तुह्या बापानं सिमेंटचा ओटा बांधून देल्ला," ती म्हणाली. "बोलले नाही काही. गवंडी नाही बलावला. सोताच्या हातानं बांधला."

"चांगला झाला?"

"कायचा चांगला! उतार उलटा झाला. सारं पानी घरातच येते."