परक्यांची पोटं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे चादरीची घडी. रविवारी सकाळी बायकोनं गच्चीवरून वाळलेली मोठी चादर आणली आणि दोन टोकं माझ्या हातात दिली. मी मिलच्या फोल्डिंग खात्यात अठरा वर्षं काढलेली, मला वाकडी घडी चालत नाही. म्हटलं, "किनार जुळव, ओढू नकोस." ती म्हणाली, "मिल बंद झाली, तुमचं खातं काही बंद होत नाही." घडी कपाटात गेली. मग ती संडासात गेली आणि बाहेर येईना. दार ठोठावलं तर म्हणाली, "येते." आली ती भिंत धरून, पांढरी पडून. आत पाहिलं तर रक्त.

ते आठ महिन्यांपासून जात होतं. मला पत्ता नाही. आणि माझा धंदा काय, तर लोकांची पोटं साफ करायची.

मिल बंद पडली तेव्हा मी चाळिशीत होतो. शिक्षण सातवी नापास. काही दिवस राजवाड्यापाशी रेडीमेडच्या दुकानात शर्टांच्या घड्या घातल्या. मग मल्हारगंजात आमच्या गल्लीतला कंपाउंडर म्हणाला, "भिया, एका निसर्गोपचारवाल्या डॉक्टरला माणूस पाहिजे. काम गंदं आहे, आधीच सांगून ठेवतो." मी गेलो. घरी बसण्यापेक्षा गंदं बरं.

पहिल्याच दिवशी डॉक्टरनं मलाच टेबलावर झोपवलं. "एनिमा आधी स्वतः घ्या, मग दुसऱ्याला द्या. नाहीतर समोरच्याला काय होतंय ते तुम्हाला कळायचं नाही." डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी. त्या दिवशी जे कळलं ते कळलं. पाणी कोमट की गरम ते कोपर बुडवून पाहायचं. एनिमाचा डबा फार उंच टांगायचा नाही, नाहीतर पाणी जोरात जातं आणि माणूस कळवळतो. त्यानं हात वर केला की नळी चिमटीत दाबायची. बायकांना बाईच देणार, पुरुषांना मी.

पुढे बाहेरचा माल देशात यायला लागला आणि आमच्याकडे मोठं आतडं धुणारं कोलन मशीन आलं. कंपनीचा माणूस मुंबईहून आला, तीन दिवस शिकवून गेला, अर्धं इंग्रजीत. दाबाचा काटा कुठपर्यंत जाऊ द्यायचा ते माझ्या डोक्यात राहीना. घरी सांगितलं तर बायकोनं आपली लाल टिकली दिली. म्हणाली, "लावा तिथे. हिच्यापुढे काटा गेला की बंद करा." मी तबकडीवर ती चिकटवली. कंपनीवाला हसला, पण नंतर त्यानंही तेच पाहून मशीन चालवलं.

मशीनला काचेची नळी होती, आत दिवा. पोटातून जे निघतं ते सगळं समोर दिसायचं. मिल चालू होती तेव्हा ज्या शेठ लोकांपुढे आम्ही उभे राहत नव्हतो, ते आता माझ्यासमोर कुशीवर पडून विचारायचे, "क्यों भिया, साफ हुआ?" मी रोज वीस जणांना विचारायचो, पोट साफ होतं का, रक्त पडतं का. खोटं बोलणारा मला लगेच कळायचा. तो छताकडे बघतो.

घरी हा विषय बंद. बायको गल्लीत सांगायची, "हे मशीनवर आहेत." ते खोटंही नव्हतं. मी दवाखान्यात अंघोळ करून यायचो, तरी घरी दुसरी करावी लागायची. जेवताना कामाचं काढलं की ताट उचलायची. एवढं एकच मी मोठ्या तोऱ्यात पुन्हा पुन्हा सांगितलं होतं की रक्त दिसलं तर एनिमाच्या पाण्याला हात लावायचा नाही, तडक मोठ्या डॉक्टरकडे. सूट नाही.

ते तिनं नीट ऐकलं होतं. म्हणूनच लपवलं.

ती रोज पोटासाठी हरडे, म्हणजे हिरड्याची पूड, घ्यायला लागली तेव्हा मी एकदा विचारलं, "अगं, पोट साफ होतं ना?" "होतं. मी काय तुमची पेशंट आहे?" ती पोळ्या लाटत होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

सरकारी दवाखान्यात ती एकोणीस दिवस होती. तपासणीआधी एनिमा द्यायचा होता. बायकांचा वॉर्ड, मी पडद्याबाहेर. आतली बाई घाई करत होती. ही कण्हली तेव्हा मी बाहेरून ओरडलो, "डबा खाली घे, बाई, डबा खाली." आतून उत्तर आलं, "बाबा, तुम बाहर बैठो." बसलो. शहरातल्या अर्ध्या शेठांची पोटं धुतली आणि तिथे बाकावर बसलो.

डॉक्टर म्हणाला, आतड्यात गाठ आहे, फार पसरली आहे. हेही म्हणाला की तिच्या सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं.

मी तिला विचारलं, "का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही लगेच डॉक्टरकडे नेलं असतं."

"मग काय करायला पाहिजे होतं?"

"तेच तर. दहा जण बघणार, काय काय विचारणार." मग म्हणाली, "आणि आता बघतायतच की."

मला तिचा राग आला होता. अजून येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मग कोणावर रागावू? स्वतःवर रागावून झालंय.

ती गेली त्या संध्याकाळी तिला स्मशानात पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात बायका बसल्या होत्या. मानपूरहून तिची धाकटी बहीण आली होती. तेच नाक, तीच हनुवटी. शेजारणीनं चहा दिला. मी कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर तिला विचारलं, "तुला रक्त पडतं का?"

तिनं पदर तोंडाला लावला. "जिजाजी, आज हे काय?"

"पडतं का ते सांग."

"नाही," ती म्हणाली आणि वर छताकडे पाहिलं.

मी म्हटलं, "चप्पल घाल."

माझा चुलतभाऊ मध्ये पडला. "अरे, सुतक आहे, घराबाहेर काय जातोस?"

"सुतक मला आहे, ओपीडीला नाही."

ती रिक्षात रडत होती, बहिणीसाठी की स्वतःसाठी ते मी विचारलं नाही. खिडकी नऊला उघडते. साडेआठला आम्ही रांगेत होतो, ती पुढे, मी मागे.