दक्षिणेकडं पाय

आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, घड्याळावर विश्वास नव्हता आणि बाजेवरून उठून आभाळ बघायची तयारीही नव्हती. उन्हाळ्यात ते माळवदावर दक्षिणेकडं पाय करून झोपत. समोर विंचवाच्या आकाराच्या चांदण्या. त्या विंचवाची नांगी बाजेच्या उजव्या खुरावर आली, की पहाट. तेवढ्यापुरते डोळे उघडायचे, हाक मारायची. बाकी अंग हलवायचं नाही.

माझं लग्न मुलाच्या गावी होतं, मुहूर्त सकाळचा. वेळ चुकली तर दुसरी मुलगी बघू, असं सासऱ्यांनी तोंडावर सांगितलेलं. पहाटे निघायची सगळी भिस्त अण्णांच्या बाजेवर. आदल्या रात्री मामा जेवून माळवदावर गेले, तर अण्णा घोरत होते आणि पाय यमाच्या दिशेला!

"लग्नघरात लई वाईट हे," म्हणत मामांनी आणि आईनं बाज अल्लद उचलून फिरवली. मोठं पुण्य केल्यासारखी दोघं खाली आली.

थोड्या वेळानं अण्णांनी डोळे उघडले. पायाशी आता उत्तर होती. तिथं सप्तर्षी, आणि त्यांचं शेपूट नेमकं उजव्या खुरावर. झोपेच्या डोळ्यांना तीच नांगी वाटली.

"उठा! गाड्या जुंपा!"

"आवं, कोंबडं न्हाय आरवलं अजून," आई म्हणाली.

"झोपलं आसंल ते."

बाज फिरवल्याचं मामांनी सांगितलं नाही, आईच्या ध्यानात आलं नाही. आम्ही निघालो.

रझाकारांचे दिवस होते. मिट्ट काळोखात वेशीवर गाड्या दिसताच, धाड आली समजून, माझ्या सासरचं गाव गोफणी घेऊन उभं राहिलं. पहिलाच धोंडा अण्णांच्या कपाळावर बसला. मामा गाडीखाली शिरले. मी हळदीच्या अंगानं उठून ओरडले, "आंधळे झालाव का? नवरी हाय गाडीत!" सासरी मी बोललेले पहिले शब्द हेच.

वेस उघडली. गोफण पाठीमागं लपवत जो तरणा पुढं आला, तोच नवरदेव. सासऱ्यांनी कंदील वर धरला, रक्त बघितलं आणि मुहूर्ताचा शब्दही काढला नाही.

अण्णांना अंगणात बाजेवर निजवलं. माझ्या अंगाला लावून उरलेली हळद आईनं त्यांच्या जखमेत दाबली. मामांनी बाज फिरवून त्यांचे पाय दक्षिणेकडं केले. नांगी उजव्या खुरावर येत होती.

"बघ," अण्णा मला म्हणाले, "उशीर न्हाय होऊ दिला तुला."

वाटभर त्यांच्यावर चिडायचं ठरवलं होतं. त्या बाजेचा खूर धरून मी ढसाढसा रडले.